एका नावाच्या दोघी

माझी शाळा ब्राह्मणपुरीच्या अलीकडच्या गावात, दोनशिक्षकी. कॉम्प्युटरचं सगळं काम दुसरे सर करायचे. मी त्या खोलीत फक्त खडूचा डबा घ्यायला जायचो. ते मतदारयादीच्या कामाला गेले आणि माझी पाचावर धारण बसली. निवासी शाळेच्या प्रवेशपरीक्षेचे फॉर्म त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत भरायचे होते.

फॉर्म एकच राहिला होता, पण तो पाचवीतल्या माझ्या सगळ्यात हुशार मुलीचा. तिचे आईवडील सातपुड्यातून इथे मजुरीला आलेले, दिवाळी झाली की ऊसतोडीला गुजरातेत जाणारे. दरवर्षी तीही जायची आणि परत आली की बुडालेले धडे एकटीच उरकायची. निवासी शाळेत नंबर लागला तरच तिचं जाणं थांबणार होतं.

तिच्याच नावाची आणखी एक मुलगी वर्गात होती. तिच्या घरचे केळीच्या मळ्यात बारमाही कामाला, त्यामुळे तिला कुठे जायचं नव्हतं. दोघींची घरं मूळची एकाच पाड्यावरची. आडनाव एक, बापांची नावंही एकच. आणि जन्मतारीख एक जून. ती मीच लिहिलेली. दाखला नसला की आम्ही गुरुजी लोक एक जून टाकून मोकळे होतो. आमची निम्मी शाळा त्याच दिवशी जन्मलेली आहे. हजेरीपटावर मी त्यांच्या नावापुढे एक आणि दोन असे आकडे घातले होते. नाव मात्र एकदाच पुकारायचो. दोघी मिळून ‘हजर’ म्हणायच्या. माझा कधी घोळ झाला नाही.

सकाळपासून त्या यंत्राने माझा जीव खाल्ला होता. पासवर्ड तीनदा चुकला. माउसचा बाण नको तिथे पळायचा. तीनच्या सुमारास कॉम्प्युटरने विचारलं, हा विद्यार्थी दोनदा नोंदवला आहे, एक नोंद काढून टाकायची का? मला वाटलं, मीच मघाशी धांदलीत दोनदा बटण दाबलं असणार. इतका वैतागलो होतो की त्याचंच खरं धरलं आणि ‘होय’ दाबलं.

मग फॉर्म उघडला. नोंदीवरून त्यात आपोआप आलेलं आईचं नाव त्या दुसऱ्या मुलीच्या आईचं होतं.

म्हणजे मी काढून टाकली ती माझ्या हुशार मुलीचीच नोंद. तालुक्याला फोन लावला. तिकडचे साहेब म्हणाले, “अर्ज करा, नोंद आठवड्यात परत येईल.” आठवड्यात! मी जवळजवळ रडकुंडीला आलो. मुलगी दाराशी येऊन उभी होती, तेल लावून, वेण्या घालून. फोटो काढायला मीच बोलावलं होतं.

पावणेपाचला मनात पाप आलं. नाव तिचंच, तारीख तीच, फोटोही तिचाच लागेल. फक्त आई दुसरी. कोणाला कळणार होतं?

“आईचं नाव दुसरं लागेल,” मी हळूच म्हटलं. “चालेल ना?”

तिने वाकून पडद्यावरचं नाव वाचलं. वाचायला मीच शिकवलं होतं.

“पन सर,” ती म्हणाली, “मन्ही माय तं जित्ती शे ना.”

माझा हात माउसवरून निघाला तो परत गेलाच नाही. तो माझा प्रामाणिकपणा होता की भित्रेपणा, मला आजही ठरवता येत नाही. पाच वाजले आणि फॉर्म बंद झाला. तिला मी काय सांगितलं ते आठवत नाही. ती “बरं सर” म्हणून घरी गेली.

तिची नोंद खरंच आठवड्याने परत आली. कॉम्प्युटरवर ती आता व्यवस्थित आहे, तिच्या आईच्या नावासकट. दिवाळीनंतर ट्रक भरला, त्यात ती आईच्या शेजारी बसून गेली. रोज सकाळी मी हजेरी घेतो आणि सवयीने ते नाव एकदाच पुकारतो. ‘हजर’ म्हणून एकटीचा आवाज येतो.