चौथ्या पानावरची चूक

चहाचा ट्रे माझ्या हातात होता. सेमिनार हॉलच्या मागच्या दारानं मी आत आले आणि फळ्याकडं बघितलं. फळ्यावर माझं प्रमेय होतं.

माझं म्हणजे माझंच. मी मांडलेलं, मी खोडलेलं, डोकं फोडून पुन्हा मांडलेलं. खडू मात्र अजिंक्यच्या हातात होता. त्याचा पीएचडीचा व्हायवा चालला होता. पहिल्या रांगेत बाहेरून आलेले परीक्षक, त्यांच्या शेजारी आमचे सर. माझा आणि अजिंक्यचा गाईड एकच. सरांनी बोटानं खूण केली, आधी परीक्षकांना दे.

मी दिला. नजर फळ्यावर होती, चहा बशीत सांडला. सर हळूच म्हणाले, "नीट दे गं. मेंढरांना पाणी पाजतेस का?" शेजारचे दोघं हसले. परीक्षक हसले नाहीत, त्यांनी फक्त कप पुढं ओढला.

आमच्या डिपार्टमेंटात हा रिवाजच. व्हायवा एकाचा, चहा-नाश्ता बाकीच्या संशोधक विद्यार्थ्यांच्या गळ्यात. त्यातही पोरी असल्या की पोरींच्याच. मला त्याचं काही वाटायचं नाही. सरांचं काम म्हणजे घरचं काम, असं मी मानायची.

का नाही मानणार? सोयगावकडं आमच्या मेंढपाळांच्या वस्तीवर सर स्वतः आले होते. दादा, म्हणजे माझे वडील, माझं लग्न उरकायच्या घाईत होते. सरांनी घोंगडीवर मांडी घातली, आईच्या हातची भाकर खाल्ली आणि म्हणाले, "पोरगी माझ्यावर सोडा. लेक समजतो मी तिला." दादांनी त्यांचे पाय धरले. ते आठवलं की अजून अंगाची आग होते.

दोन दिवाळ्यांमागं मी ते प्रमेय आणि त्याची सिद्धता वहीत लिहून सरांना दिली. प्रमेय थोडक्यात असं, की अमुक एका प्रकारच्या क्रियेत बाकी सगळे बिंदू हलले तरी एक बिंदू जागचा हलत नाही. "ठेव, वाचतो," सर म्हणाले. महिन्यानं वही परत केली. "यात काय दम नाय. दुसरा विषय घे."

मी लई रडले. दुसरा विषय घेतला. पण जुनं डोक्यातून जाईना. होस्टेलवर खोलीत एकटी असले की वही उघडायची. एक दिवस चौथ्या पानावर माझी चूक मलाच सापडली. बिंदूंच्या प्रत्येक जोडीतलं अंतर कमी होतं, हे खरं. किती पटीनं कमी होतं तो आकडा एकाहून लहान, तेही खरं. पण तो जोडीगणिक वेगळा. मी सगळ्यांसाठी एकच धरला होता. घाईत भलेभले गणितवाले इथं फसतात. मी एक अट वाढवून ती पायरी दुरुस्त केली. सरांना लगेच सांगितलं नाही. पक्कं करून दाखवू, खूश होतील. वेडी मी.

आता अजिंक्य माझ्या वहीतलं तेच चौथं पान फळ्यावर उतरवत होता. त्यानं सगळ्यांसाठी एकच आकडा धरला. माझी चूक, जशीच्या तशी. त्या आकड्यासाठीचं अक्षरसुद्धा मी वापरलेलंच.

मग शंका उरली नाही, सरांनी माझ्या वहीची नक्कल त्याला दिली होती. अजिंक्य एका संस्थाचालकाचा मुलगा. त्यांच्याच कॉलेजात सरांच्या सुनेला नोकरी लागलेली. सगळ्या डिपार्टमेंटला हे ठाऊक होतं, मलाही होतं. पण मी लेक होऊन बसले होते ना.

शेवटी परीक्षकांनी नेहमीचं विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?" हे विचारायचं असतं, आणि कुणी काही विचारायचं नसतं. लगेच टाळ्या, मग गुलाबजाम.

मी ट्रे खाली ठेवला. "मला विचारायचंय."

सर वळले. "बस खाली. चहा गार होतोय."

मी फळ्याकडं गेले. म्हटलं, "एकपासून पुढच्या सगळ्या संख्या घ्या, अपूर्णांकासकट. प्रत्येक संख्येनं एकाला भागून जे येईल ते तिच्यातच मिळवा. कुठल्याही दोघींमधलं अंतर कमी होतं. पण प्रत्येक संख्या थोडी का होईना पुढं सरकते. यांच्या या पायरीप्रमाणं एक तरी जागेवर राहायला पाहिजे. ती कुठंय?"

अजिंक्यनं सरांकडं बघितलं. "सरांनी तपासलंय," एवढंच बोलला.

परीक्षकांनी चष्मा पुसला, पुन्हा फळा वाचला. "ही पायरी दुरुस्त झाल्याशिवाय मी सही करणार नाही."

"ही सिद्धता माझ्या वहीतली आहे," मी म्हटलं.

"तो तुमच्या विभागाचा प्रश्न," ते म्हणाले, आणि कप उचलला.

दुसऱ्या दिवशी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही. "दुरुस्ती तुझ्याकडं आहे, मला कळतंय. त्याला देऊन टाक. त्याचं होऊ दे, मग तुझं बघू. तुझ्या प्रबंधावर सही कुणाची लागते, ते ध्यानात ठेव." मग म्हणाले, "मेंढरांमागून उचलून आणलं तुला मी."

दुरुस्तीची दोन पानं तेव्हा माझ्या पिशवीत होती. पिशवी मी खांद्याला लावली. म्हटलं, "सर, तुम्ही आमच्या घरी भाकर खाल्लीत. पानं मिळणार नाय."

गाईड बदलून मागितला. कुणाकडंच जागा नाही, असं लेखी आलं. येऊ दे. पुन्हा अर्ज दिलाय, विषय जुनाच मागितलाय, सोबत तक्रार, तिला जुनी वही जोडलीय. तिसऱ्या पानापर्यंत सरांच्या लाल पेनाच्या खुणा आहेत तिच्यात. चौथ्यावर एकही नाही.

दोन वर्षं लागोत की दहा, त्याच हॉलमध्ये माझा व्हायवा होणार. चहा ज्याचा त्यानं घ्यावा. चौथं पान मी फळ्यावर लिहीन, आधी चूक, मग दुरुस्ती. कुणाला काही विचारायचंय, हे मीच विचारीन, पहिल्या रांगेकडं बघून. आणि उत्तर येईपर्यंत फळा पुसू देणार नाय.