सिरिलची खेच

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि ती आता नाही. तुम्हाला सांगतो आहे तेही तोंडाने नाही — लिहून, दोनदा फाडून, तिसऱ्यांदा.

लालबाग-परळच्या मिरवणुकीत बेंजो वाजतो, तो तुम्ही ऐकला असेल. बटणं दाबून वाजवायचं तारांचं वाद्य. चाल सरळ चाललेली असते आणि मधेच एक सूर वर ओढला जातो — गळा दाटून यावा तसा. तिथे नाचणाऱ्यांचे हात आपोआप वर जातात. आम्ही त्याला खेच म्हणतो. ती आली कुठून?

गिरगावातल्या एका वाडीत सिरिल राहायचा. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचा मूळ ख्रिस्ती, घरात मराठी, गळ्यात क्रूस, हातात इलेक्ट्रिक गिटार. वडील रे रोडला लाकडाच्या वखारीत. ते गोदीतल्या खलाशांकडून रॉकच्या तबकड्या आणायचे. तेव्हा आपल्याकडे रॉक वाजवणारे मोजकेच, आणि तेही बहुतेक तबकडीची नक्कल करणारे. सिरिल नक्कल करत नसे. गिटारची तिसरी तार त्या वेळी जाड यायची, खेचली तरी हलायची नाही. त्याने ती काढून बेंजोची बारीक तार लावली — आणि सूर खेचला. मी समोर बसलो होतो. आयुष्यभर मराठी शिकवलं, पण त्या दुपारी काय ऐकलं ते मला अजून नीट लिहिता येत नाही.

मी डिलाईल रोडचा, चाळीच्या पथकात बेंजो वाजवायचो. कित्येक रविवारी, चर्चमधली मिस्सा आटोपून आला की तो मला घेऊन बसे. बटणामागे मोकळी राहणारी तार तळहाताने कशी दाबायची, किती, आणि कधी सोडायची. "अरे मास्तर, घाई कसली? सूर काय पळून जातोय?" मी शाळेत शिकवायला लागलोही नव्हतो, पण पिशवीत कायम पुस्तक, म्हणून मास्तर.

मी पथकाला शिकवलं, पथकाने पुढच्यांना. सिरिलची एकही रेकॉर्ड निघाली नाही. तो एका कंपनीत कारकून झाला, तिथूनच निवृत्त झाला. पण त्याचा हात सगळ्या गिरणगावात वाजत राहिला. एवढं किती जणांच्या वाट्याला येतं?

तो नोकरीत असतानाच आमच्या चाळीच्या गणेशोत्सव मंडळाची स्मरणिका निघाली. बेंजोवरचा लेख माझ्याकडे — लिहिणारा मीच होतो ना. त्यात मी लिहिलं: 'ही खेच प्रस्तुत लेखकाला सरावात सापडली.'

एकच वाक्य. सिरिलचं नाव नको, असं कुणी म्हणालं नव्हतं. मला ती माझी हवी होती — बस.

त्याने अंक मागून घेतला. ओळीखाली अंगठा ठेवत, हळूहळू वाचला. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

"छान लिहितोस रे," तो म्हणाला. "सापडली काय? बरं. वाजव बघू."

मी वाजवलं. तार जास्त दाबली गेली. त्याने माझा तळहात धरून अर्धं बोट मागे सरकवला.

त्या दिवशी सांगता आलं असतं. त्यानंतरही तीसेक वर्षं, दर रविवारी सांगता आलं असतं.

गेल्या महिन्यात सिरिल गेला. दफन झाल्यावर त्याची मुलगी आयरीन माझ्याजवळ आली. "अंकल, डॅडी शेवटी शेवटी एकच विचारायचे. आपलं वाजवणं कुणाला आठवत असेल का? मला काय माहीत? आठवतं का हो कुणाला?"

"फार वर्षं झाली गं," मी म्हणालो.

माझ्या बाजूला लालबागच्या पथकातले तिघे उभे होते. तिघेही खेच उत्तम वाजवतात. सरांचे, म्हणजे माझे, मित्र वारले म्हणून आले होते; त्या मित्राचं नाव त्यांनी वाटेतच पहिल्यांदा ऐकलं होतं.