नडीनने वाचून न दाखवलेली ओळ

नडीन प्रुइट आमच्या गावात तोंडाळ म्हणून प्रसिद्ध होती. चर्चच्या पत्रकात मेलेल्या माणसाचं नाव चुकलं, तर रविवारी ती पाद्र्याला दारातच अडवायची. "ज्याला पुरलंत त्याचं नाव तरी नीट लिहा," म्हणायची. पाद्री हसून पुढे सटकायचा. ती मात्र हसायची नाही.

मी कोर्टाच्या दप्तरखान्यात, ती चौकापलीकडच्या टायटल कंपनीत. घर विकलं जायचं तेव्हा त्याची मालकी खरंच कोणाची, कोणाचा बोजा किंवा वहिवाट आहे का, हे जुन्या दस्तांतून शोधायचं, त्याची हमी द्यायची आणि शेवटी घेणाऱ्याला टेबलाशी बसवून सह्या घ्यायच्या, हे त्या कंपनीचं काम. सह्यांचं टेबल एकोणतीस वर्षं नडीनचं होतं. आदल्या दिवशी ती माझ्याकडे येऊन मूळ दस्त स्वतः उघडून बघायची, आणि टेबलाशी प्रत्येक पान मोठ्यानं वाचून दाखवायची. लोक कंटाळायचे. कोणी घड्याळ पाहिलं, तर ती म्हणायची, "घर तीस वर्षं राहायला घेताय ना? मग तासभर बसा."

म्हातारा मालक वारला आणि कंपनी शहरातल्या लोकांनी घेतली. कायलर हॅडिक्स नावाचा चौतीस वर्षांचा व्यवस्थापक आला. दस्त शोधायचं काम दुसऱ्या राज्यातल्या कुठल्याशा फर्मकडे गेलं. कंपनीचा फोन इथे वाजेनासा झाला, कारण तो आता शहरात वाजायचा. सह्या वीस मिनिटांत उरकायच्या, असा हुकूम निघाला. भिंतीवर मात्र चौकट लागली: 'तुमच्या प्रत्येक फोनला त्याच दिवशी उत्तर.'

"लुएला, तो पोरगा मला वीस मिनिटं शिकवतोय," नडीन मला म्हणाली. तरी ती टिकून राहिली. साठीला दोन वर्षं उरली होती आणि नवऱ्याची औषधं तिच्या नोकरीच्या विम्यावर चालत होती.

जूनमध्ये टॅमसिन ओक्सचं प्रकरण आलं. टॅमसिन घोड्यांना नाल ठोकणारी, एकटी राहणारी, दंडाला भाजल्याचे डाग. म्हाताऱ्या ऑर्व्हिल टीगच्या पोरींकडून तिनं त्याचं डोंगरउतारावरचं घर घ्यायचं ठरवलं. पाणी शेजारच्या विहिरीतून नळानं यायचं. ती जमीन ऑर्व्हिलच्या पुतण्याची, हार्लनची. कागदात एक ओळ होती: 'विहिरीच्या पाण्याचा हक्क घरासोबत.' मूळ दस्ताचा क्रमांक मात्र नव्हता.

नडीनला ते खटकलं. तिनं शोध घेणाऱ्या फर्मला चार वेळा फोन केला. एकदाही कोणी उलटून फोन केला नाही. ती कायलरकडे गेली. "मी कोर्टात जाऊन बघून येते. अर्धा तास लागेल."

"नडीन, त्यांनी बघितलंय. तुम्ही सह्या घ्या."

सह्यांच्या दिवशी टॅमसिननं स्वतःच विचारलं, "पाण्याचं पक्कं आहे ना, बाई? माझे दोन घोडे आहेत."

बाहेर पुढचे लोक खोळंबले होते. नडीन म्हणाली, "सगळं कागदात आहे." आणि पान उलटलं.

सप्टेंबर कोरडा गेला. हार्लनच्या गुरांना पाणी कमी पडायला लागलं, तसा त्यानं टॅमसिनचा नळ बंद केला. टॅमसिन कंपनीला फोन करत राहिली, अकरा दिवस. रोज एक गोड आवाज सांगायचा, आमचा माणूस लवकरच संपर्क करेल. माणूस कुठला येतोय! बाराव्या दिवशी ती कंपनीत आली. ट्रकमध्ये पाण्याचे रिकामे पिंप होते.

"कागदात आहे म्हणालात," ती नडीनला म्हणाली. "आता कागद पाजू का घोड्यांना?"

नडीनला यातलं काहीच कळलेलं नव्हतं. तिच्यापर्यंत एकही निरोप आला नव्हता. पर्स टेबलावरच टाकून ती चौक ओलांडून माझ्याकडे आली. "लुएला, टीग भावांची वाटणी. बासष्ट साल."

मी त्या सालच्या दस्तांचा ग्रंथ काढून दिला. दस्त सव्वा पानाचा होता. भावानं भावाला पाणी दिलं होतं, 'ऑर्व्हिल हयात असेपर्यंत.' ऑर्व्हिल आदल्या हिवाळ्यातच गेला होता. म्हणजे जूनमध्ये कंपनीनं ज्या हक्काची हमी दिली, तो ऑर्व्हिलबरोबरच संपला होता. शोधणाऱ्यांनी मूळ दस्त उघडलाच नव्हता, मागच्या कागदावरून ओळ उतरवली होती.

नडीनचा चेहरा लालबुंद झाला. "सहा मिनिटं लागली," ती म्हणाली. "सहा मिनिटं, लुएला! आणि मी पान उलटलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दस्ताची नक्कल कायलरपुढे आपटली. तो म्हणाला, "दाव्याचा फॉर्म वेबसाइटवर आहे. कामाचे तीस दिवस धरून उत्तर येतं."

"घोड्यांना सांगू का तसं? तीस दिवस दम धरा म्हणून?"

"आवाज खाली करा. टेबलाशी लोक बसलेत."

टेबलाशी पेकहॅम नवराबायको बसले होते, घर घ्यायला आलेले. नडीन त्यांच्याकडे गेली, फोन मधोमध ठेवला, कंपनीचाच नंबर लावला आणि आवाज मोठा केला. "तुम्हाला उद्या काही अडचण आली, तर हाच नंबर आहे," ती म्हणाली. "ऐका, कोण उचलतं ते."

संगीत वाजायला लागलं. पेकहॅमबाईंनी पिशवीतून विणकाम काढलं. कायलर फोन बंद करायला पुढे झाला, तेव्हा म्हातारा पेकहॅम म्हणाला, "राहू दे रे, आम्हाला घाई नाही." चाळीस मिनिटं झाली. विणकामाच्या सहा ओळी झाल्या. मग फोन आपोआप कटला.

पेकहॅमबाईंनी लोकर गुंडाळली. "चला हो," नवऱ्याला म्हणाल्या. "शेजारच्या जिल्ह्यातल्या कंपनीकडे जाऊ."

दुपारच्या आत नडीनची नोकरी गेली. भिंतीवरची चौकट तिनं काढून कायलरच्या मांडीवर ठेवली. "हे पाळायचं नसेल, तर निदान टांगू नकोस," म्हणाली.

मग तिनं जे केलं, ते मला कधीच जमलं नसतं. टॅमसिनच्या दाव्यासाठी शपथेवर लिहून दिलं, की मला शंका होती, मी विचारलं, मला थांबवलं, आणि तरीही मी घेणाऱ्या बाईला सांगितलं नाही. शेवटचं वाक्य तिच्या वकिलानं गाळायला सांगितलं. "ते गाळलं तर बाकीचं कोण खरं मानेल?" ती त्याच्यावर खेकसली. त्या कागदापुढे कंपनीची टाळाटाळ चालली नाही. मार्चमध्ये टॅमसिनच्या जमिनीत कंपनीच्या खर्चानं बोअर पाडली. नडीनचा कामाचा परवाना मात्र त्याच कबुलीवरून राज्याच्या मंडळानं वर्षभर अडकवला. नवऱ्याची औषधं तिनं घराच्या मागची जागा विकून आणली. कायलरची बदली मोठ्या ऑफिसात झाली, वरच्या जागेवर. हे ऐकून नडीननं माझ्या स्वयंपाकघरात कप फोडला. माझाच कप.

बोअरला पाणी लागलं त्या दिवशी ती मला घेऊन तिथे गेली. चिखल उडत होता, घोडे कुंपणाशी उभे होते. टॅमसिननं आम्हाला कॉफी विचारली नाही.

"तुम्ही कागद लिहून दिलात म्हणून हे झालं, ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण जूनमध्ये सांगितलं असतंत, तर मी हे घर घेतलंच नसतं. पूर्ण हिवाळा मी पाणी वाहिलंय."

"हो," नडीन म्हणाली.

"मी तुम्हाला माफ वगैरे करणार नाही."

"मी मागायला आले नाही. पाणी लागलं का, ते बघायला आले."

परतताना गाडीत ती कंपनीला, कायलरला, स्वतःला, एकेकाला शिव्या घालत राहिली, आमच्या गावाची कमान येईपर्यंत. आता ती एका वकिलाच्या एका खोलीच्या ऑफिसात दस्त तपासते. पगार निम्मा आहे. रोज सकाळी माझ्याकडे येते, ग्रंथ मागते आणि मी दोन मिनिटं उशीर केला की तोंड सोडते.