अडतिसावा जिल्हा

आर्लिस कुचेरानं एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि एकाही पोराला रस्त्यावर ताटकळत ठेवलं नाही. नेब्रास्काच्या आमच्या या कोपऱ्यात माणसांपेक्षा गाई जास्त. मातीच्या रस्त्यानं अकरा मैल आत एकच घर, त्या घरात एकच मुलगी. तरी बस तिच्या दारापर्यंत जायची. तिला फाट्यावर यायला सांगा, असं शाळेनं एकदा सुचवलं. आर्लिस म्हणाली, "मग चाव्या घ्या तुमच्या." विषय तिथंच संपला.

तिचा खरा राग होता देशाच्या अध्यक्षाच्या निवडणुकीवर. ती ज्या पक्षाला मत द्यायची त्याला इथं काळं कुत्रं विचारत नाही. अध्यक्ष थेट देशभरच्या मतांवर ठरत नाही; इथं ज्याची सरशी, निवडीतला इथला सगळा वाटा त्याचा. हरलेल्याची मतं इथंच मुरतात. "बावन्न वर्षं मत देतेय, ते एकदाही वेशीबाहेर गेलं नाही," असं ती म्हणायची. देशभरात ज्याला सर्वांत जास्त मतं पडतील त्यालाच आपण सगळ्यांनी मिळून निवडायचं, असा करार काही राज्यांनी आपसात केलाय, हे कळल्यावर ती पेटूनच उठली. नेब्रास्कानं त्यात जावं का, हे लोकांनाच विचारा, अशा मागणीच्या अर्जावर सह्या हव्या होत्या. नुसत्या शहरातल्या चालत नाहीत, राज्यातल्या निदान अडतीस जिल्ह्यांतून ठरावीक सह्या याव्या लागतात. आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला चोवीस आल्या.

चोवीस म्हणजे काय मोठं? पाच महिने लागले. गुरांच्या लिलावाच्या दिवशी ती कागद घेऊन उभी राहायची आणि जन्माची ओळख असलेली माणसं तिला पाहून वाट बदलायची. गस व्हर्बा मात्र मुद्दाम थांबायचा.

"काय गं आर्लिस, न्यूयॉर्कवाल्यांच्या हातात देणार का आम्हाला?"

"आत्ता कुणाच्या हातात आहेस रे? शेवटचा उमेदवार कधी आला होता तुझी गाय बघायला?"

"न येवो! आला तर कॉफी पाजावी लागेल."

सगळे खो खो हसले. सही कुणीच केली नाही.

मी विम्याचं दुकान चालवतो, गावातला नोटरीही मीच. मीही सही केली नाही. शिक्का मारणाऱ्यानं सही करायची नसते, असं तिला तोंड वर करून सांगितलं. खरं तर गिऱ्हाइकं तुटतील म्हणून मी घाबरलो होतो, आणि ते तिला कळत होतं.

शेवटी एका मंगळवारी ती दोन कागद घेऊन आली. पहिल्यावर वीस सह्या, दुसऱ्यावर सहा. राजधानीतून, लिंकनहून, फोन आला होता: सदतीस जिल्हे भरलेत, आता सगळं तुमच्यावर. या सह्या माझ्या डोळ्यांदेखत झाल्या, अशी शपथ प्रत्येक कागदाखाली तिनं लिहून द्यायची, मग माझा शिक्का. शिक्क्यानंतर कागदाला हात लावायचा नाही. एरवी मी रिकाम्या ओळींवर काट मारतो. त्या दुपारी शाळेत चिलीचं, म्हणजे खिमा-राजम्याच्या तिखट रश्श्याचं, जेवण होतं, सोबत गरम दालचिनीचे रोल. ते संपायच्या आत पोचायचं म्हणून मी काट न मारताच शिक्का ठोकला आणि दुकानाला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी गसनं तिला पोस्टाच्या दारात गाठलं.

"आण तो कागद."

"थट्टा पुरे, गस. मला घाई आहे."

"थट्टा नाही. माझी चारही पोरं तू बर्फातून घरी आणलीस. वेडी असशील, पण खोटी नाहीस. आण."

तिनं सहा सह्यांचा कागद पुढं केला. गसनं सही केली आणि शेजारी त्या दिवसाची तारीख नीट घातली. फार तर त्याची एक सही बाद होईल, असं तिला वाटलं. पाच महिन्यांत कुणी आपणहून कागद मागितला तो हा पहिलाच, त्याला नाही म्हणायला तिची जीभ रेटली नाही. गुरुवारी सहा तास गाडी चालवून ती स्वतः लिंकनला कागद देऊन आली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. शपथेनंतरची सही आढळल्यानं तो कागद अख्खा बाद. उरल्या वीस. अडतिसावा जिल्हा भरला नाही, आणि प्रश्न लोकांपुढं गेलाच नाही. मी तिच्या घरी गेलो, म्हणालो, "चूक माझी, काट मारायला हवी होती."

"हो, हवी होती," ती म्हणाली. मला बसायलाही सांगितलं नाही.

गसला कुणी काही सांगितलं नाही. तो कॅफेत टेबल बडवत सांगत होता, "मी सही केली होती! वरच्यांनी हाणून पाडलं! आर्लिस, खरं की नाही?"

मी तोंड उघडलं, तोच तिनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. "खरं आहे गस. तुझी सही होती."

बाहेर आल्यावर मी भडकलो. "सांगून का टाकत नाहीस त्याला?"

"कशाला? आपल्या सहीनं काही होतं, असं त्याला जन्मात पहिल्यांदा वाटलंय."

ती गाडीत बसली, गाडी सुरू केली, मग काच खाली घेतली.

"झालंही की. बुडवलं त्यानं आम्हाला. तू तर तेवढंही केलं नाहीस, डेल्बर्ट."