शेवटच्या दोन बाटल्या

शिरूरच्या कॉलेजातून बी.एस्सी. केलं आणि लग्न होऊन कासुर्डीच्या बाजूला आले. तेव्हापासून गावच्या दूध संकलन केंद्रावर दूध तपासते. त्या सकाळी टँकर आला आणि कूलरमधल्या नमुन्यात अँटिबायोटिक निघालं. कुणाच्या तरी आजारी जनावराचं दूध आदल्या संध्याकाळी सगळ्यांच्या दुधात मिसळलं होतं. टँकर रिकामा परत गेला. कूलरमधलं सगळं दूध ओतून द्यावं लागलं. बाहेर लोक सकाळचे कॅन घेऊन उभे, आणि दूध कुणाचं ते कळल्याशिवाय मला कुणाचंच घेता येईना.

प्रत्येकाच्या दुधाची छोटी बाटली आम्ही बाजूला ठेवतो. पण एकेक तपासत बसले असते तर दुपार झाली असती आणि तपासणीच्या पट्ट्याही पुरल्या नसत्या. अशा वेळी निम्म्या बाटल्यांतलं थोडं थोडं दूध एका पेल्यात एकत्र करायचं आणि त्यात एकच पट्टी बुडवायची. दोन रेघा उमटल्या तर ते सगळे एकदम सुटले. खालची रेघ आली नाही तर त्यांचे पुन्हा दोन भाग करायचे. उरलेले निम्मेही तसेच तपासायचे, कारण दोषी एकच असेल असं धरून चालत नाही.

पहिल्याच पट्टीला निम्मे लोक मोकळे झाले, कॅन ओतून घरी गेले. पुढच्या पट्ट्यांना आणखी गेले. ओटा रिकामा होत चालला, तसे उरलेले एकमेकांकडे बघेनासे झाले. आप्पा तेवढे भिंतीला टेकून निवांत बसले होते. सत्तरीचा माणूस, एकच गाय. नुकतीच त्यांची बायको गेली होती.

"आप्पा, अजून थोडं थांबा," मी म्हटलं.

"थांबतो की. आमचं दूध कवा माघारी आलं न्हाई. म्हातारीचा हात लई स्वच्छ हुता."

शेवटी दोनच बाटल्या उरल्या, आप्पांची आणि त्यांच्या शेजारणीची. शेजारणीची आधी घेतली. तिचीच निघावी असं मनात येत होतं. पण दोन्ही रेघा स्वच्छ उमटल्या. आप्पांच्या पट्टीवर खालची जागा कोरीच राहिली.

"आप्पा, गाईला औषध दिलंय का काही?"

"दगडी झाली हुती. कास सुजली. डॉक्टरनं काल दुपारी सडात ट्यूब सोडली."

"मग काही दिवस ते दूध बाजूला काढायचं असतं. डॉक्टर बोलले नाहीत?"

"बोललं आसंल. त्ये समदं तीच ऐकायची." त्यांनी पट्टी हातात घेतली. "मागंबी गाय आजारी पडायची. तवा कॅन रिकामाच ठिवायची. म्हनायची, आज डेरीला जाऊ नका. मी बी कवा इचारलं न्हाई. दूध कुठं वतायची, कुनाला ठावं."

शेजारीण म्हणाली, "भावजी, मला तरी हाक मारायची." त्यांनी मान हलवली, कॅन उचलला आणि निघून गेले.

मग रोज सकाळी ते फक्त बाटली आणायचे. एके दिवशी दोन रेघा आल्या.

"उद्यापासून कॅन आणा, आप्पा."

"व्हय," म्हणाले, पण आले नाहीत. शेजारणीकडून कळलं, बायको गेल्यापासून गाय त्यांना धार काढू देत नव्हती. तिचं लुगडं अंगावर घेऊन बसायचे, तेव्हा कुठं उभी राहायची. पुढे तेही चालेना. दौंडकडचा एक जण गाय घेऊन गेला.

परवा त्यांच्या घरावरून जात होते. त्यांनी हाक मारून बसवलं, स्वतःच चूल पेटवली. कोरा चहा पुढे ठेवत म्हणाले, "दूध न्हाई घरात. गोड हाय का बघ."

चहा फार गोड झाला होता. मी तो सगळा प्यायले.