गौर माझ्या हातात आली ते वर्ष

साताऱ्यात किल्ल्याच्या पायथ्याला नगरपालिकेची बाग होती. खालच्या अंगाला बाकं, गुलाबाचे वाफे आणि ‘फुले तोडू नयेत’ अशी पाटी. वरच्या अंगाला माळी फिरकतच नसे. त्यामुळे भाद्रपदात तिथल्या पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी तेरडा, सोनकी, कुर्डू असं काय काय आपोआप माजायचं. आमच्या गल्लीतल्या बायका गौरीसाठी तेरडा तिथूनच उपटायच्या. त्याला कुणी फुलं तोडणं म्हणत नसे.

आमच्याकडं गौर म्हणजे मुखवटा नव्हे, तेरड्याची मुळासकट जुडी. ती आणायचा मान घरातल्या कुमारिकेचा. तोंडात पाण्याची चूळ भरायची, जुडी छातीशी धरायची आणि न बोलता, मागं न बघता घर गाठायचं. हा मान आक्काचा, माझ्या थोरल्या बहिणीचा. मी मागून घंटी वाजवत जायची. त्या घंटीचा मला अगदी वीट आला होता.

मोठा दुष्काळ सरून पाऊस चांगला झाला, त्या वर्षी आषाढात आक्का शेवाळलेल्या पायरीवरून घसरली. मांडीचं हाड मोडलं. मिरजेला ऑपरेशन झालं, पाय कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये गेला. गणपतीच्या आधी प्लास्टर काढू, असं डॉक्टर म्हणाले. आईनं लगेच आक्काला सांगितलं, “गौर तूच आणायची. हळूहळू जाऊ आपण.” सगळे खूष झाले, मी सोडून.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी कोपऱ्यावरच्या गणपतीसमोर उभी राहिले आणि गौरीपर्यंत हिचा पाय बरा होऊ देऊ नकोस, असं मागितलं. मागून झाल्यावर भीती वाटली, म्हणून नंतर मात्र लगेच बरा कर, असंही घाईघाईनं जोडलं. एवढ्यानं माझं समाधान झालं आणि घरी येऊन मी पोटभर जेवले.

वडील आक्काला मिरजेला घेऊन गेले आणि प्लास्टरसकट परत घेऊन आले. हाड नीट जुळलं नव्हतं. आई चुलीपुढं बसून रडली. मीही रडले, पण मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. तोंड लपवायला पदर नव्हता म्हणून मी परसात पळाले.

गौरीच्या दिवशी मी ती वाट चालले. ऊन पडलं होतं, सोनकी पिवळीधमक झाली होती, परकर दवानं ओला झाला होता. दर श्रावणात आक्का मला इथं हिंडवून एकेका फुलाचं नाव सांगायची, विषारी कळलावीपासून ओढून बाजूला घ्यायची. हे सगळं आठवत होतं, तरी मी मिरवत होते. आपल्याला लाज कशी वाटत नाही, याचं मला तेव्हाच नवल वाटलं.

घरी उंबऱ्याशी आक्का खुर्चीवर पाय लांब करून बसली होती. गौर कशाच्या पावलानं आली, असं आतल्या बायका विचारतात आणि सोन्याच्या पावलानं, असं उत्तर द्यायचं असतं. गौर आणणारीचं तोंड बंद, म्हणून तिच्यासोबतची कुणीतरी ते देते. त्या दिवशी ते आक्कानं दिलं.

“माझ्या भनीच्या पावलानं आली,” ती म्हणाली. “बघा तरी, किती जपून आणली हाय.”

बायका हसल्या. आक्कानं माझ्या पायांवर दूधपाणी घातलं आणि प्लास्टर वाकू देईल तेवढं वाकून कुंकू लावलं. माझे डोळे भरून वाहायला लागले. तोंडात पाणी होतं, मला एक शब्द बोलता येईना. पोरीच्या अंगात गौर शिरली, असं शेजारच्या काकू म्हणाल्या.

दिवाळीच्या सुमाराला प्लास्टर निघालं. पाय आखूड राहिला. पुढच्या भाद्रपदात आई आक्काला उठवायला गेली, तर ती म्हणाली, “नको गं. लंगडत आणलेली गौर बरी दिसत न्हाई. तिलाच जाऊ दे.”

देवाला सांगून कुणाचं हाड जुळायचं थांबत नाही, हे मला कळतं. कळून उपयोग होत नाही. लग्न होऊन सांगलीला येईपर्यंत दरवर्षी मीच गौर आणली. मी तर एकाच वर्षापुरतं मागितलं होतं.