कमी फेसाची वडी

आमच्या केंटकीच्या या दरीत व्हर्ली स्टिडहॅमच्या साबणाला वास नसतो. डुकराची चरबी पांढरीशुभ्र होईपर्यंत कढवायची, फेसासाठी खोबरेल, तो टिकावा म्हणून थोडं एरंडेल. जन्मभर तिचं मिश्रण हेच. चरबीचा साबण करणाऱ्या कॉस्टिक सोड्याचं मापही तेच. ते हातातच बसलेलं.

थोरली बहीण ओर्फा गळ्यावर किरणांचे उपचार घेऊन तिच्याकडे राहायला आली. गळ्याची कातडी सोलवटली होती. दुकानातल्या साबणाच्या वासाने तिला मळमळे, आणि व्हर्लीच्या साबणाने कातडी ताणली जाई.

“तुझा साबण भांड्यांना ठेव,” ओर्फा म्हणाली. “आणि मला हात लावू नकोस.”

ती दार लावून ओल्या फडक्याने स्वतःच अंग पुसू लागली. दाराबाहेर व्हर्ली उभी असे. आतून कण्हणं ऐकू येई.

साबणातलं खोबरेल मळाबरोबर कातडीचा ओलावाही नेतं. व्हर्लीने ते निम्मं केलं, तेवढी चरबी वाढवली. वड्या फळीवर सुकल्या, महिना गेला. व्हर्लीच्या हातून अंग धुऊन घ्यायला ओर्फा कशीबशी तयार झाली. मी शेजारून मदतीला गेले होते. ऊन पाणी आणून ठेवलं.

आमच्याकडे सगळ्याच करतात तशी व्हर्लीने पारखायला ओली वडी जिभेला लावली. बॅटरी चाटल्यासारखी जीभ झिणझिणली. तिने वडी खाली ठेवली.

“आज नको.”

“का गं? स्वतःच्याच साबणाला घाबरलीस?”

“तेलं बदलली, कॉस्टिक तेवढंच घातलं. चरबीला खोबरेलापेक्षा कमी लागतं. उरलंय ते.”

ओर्फा म्हणाली, “म्हणजे मऊ करायला गेलीस आणि चावरा केलास.”

“हो.”

“अगदी तुझ्यावर गेलाय.”

व्हर्लीने वड्या किसल्या, वाढीव चरबी घालून मंद आचेवर पुन्हा शिजवल्या. पातेल्यावर ती वाकलेली असताना मला वाटलं, प्रेमाचंही माप चुकतं, आणि चुकलेलं आधी आपल्याच जिभेला कळलं तर बरं.

नव्या वड्या ओबडधोबड निघाल्या. व्हर्लीने एक तोंडाकडे नेली, तोच ओर्फाने ती हातातून काढून घेतली आणि स्वतःच चाटली. आम्ही दोघी थांबलो.

“काही चावत नाही,” ती म्हणाली. “फेस मात्र यायचा नाही हिला.”

“फेस हवा की कातडी?”

ओर्फाने गळ्याचं बटण काढलं आणि मान व्हर्लीपुढे एका बाजूला कलती केली.